रविवारची उपस्थिती आणि घरातली प्रश्नोत्तरी : पंचमंडळास खुले पत्र

प्रति,
पाळकसाहेब आणि पंचमंडळातील सर्व भाऊ-बहिणी,
बेळगाव

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचांनो,

प्रभूच्या नावात सलाम.

येत्या वार्षिक सभेपुढे ठेवायचा ‘पुढच्या तीन वर्षांचे व्हिजन’ हा मसुदा आपण सभासदांना आधीच वाचायला दिलात आणि सूचना मागितल्यात, याबद्दल मनापासून आभार. मसुद्याच्या पहिल्याच पानावर दोन उद्दिष्टे शेजारी शेजारी आहेत : शिष्यत्व वाढवणे आणि रविवारच्या उपासनेची उपस्थिती दुप्पट करणे. दुसऱ्या उद्दिष्टासाठी पुढची पाने भरून योजना आहे. प्रोजेक्टर, पडदा, नवे स्पीकर, तरुणांचा गायनसंच, दारात स्वागत समिती. पहिल्या उद्दिष्टाला मिळाल्या आहेत चार ओळी.

माझी विनंती अशी की हा तोल बदलावा. आपल्या भागात लोक उपासनेला येईनासे होतात, त्याचे एक मोठे कारण चर्चमध्ये नाही, घरात आहे. आपल्या मुलांना गीतांचे पुस्तक वाचता येत नाही, प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मुख्य शिकवण प्रश्न-उत्तरांतून सांगणारे छोटे पुस्तक, कुणी शिकवलेली नाही, आणि आई-वडिलांना वाटते की ते काम पाळकांचे किंवा शब्बाथ शाळेचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धार्मिक वर्गाचे. हे सुधारल्याशिवाय पडदा कितीही मोठा लावला तरी त्यावरची अक्षरे वाचणार कोण?

हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण प्रश्न आपल्या एकट्या मंडळीचा नाही. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या इतर मंडळ्यांतल्या शब्बाथ शाळेच्या शिक्षिकांशी बोलणे होते तेव्हा सगळ्या हेच सांगतात. मेथडिस्ट असोत, सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडियाच्या) असोत की स्वतंत्र मंडळ्यांतल्या, गाऱ्हाणे एकच.

मी नोकरीभर मराठी शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले. वाचन कुठे अडते हे त्यामुळे मला लवकर दिसते. आपल्या मंडळीतली बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमात आहेत, काही कन्नड माध्यमात. घरात मराठी बोलतात, भांडतात मराठीत, आजीकडून गोष्ट ऐकतात मराठीत. शाळेत कन्नड असते, पुढे तिसरी भाषा म्हणून हिंदी येते. त्या हिंदीमुळे देवनागरी अक्षरे त्यांच्या ओळखीची असतात, म्हणून मोठ्या माणसांना वाटते की यांना मराठी वाचता येते. तसे नसते. ‘ळ’ आला की थांबतात, जोडाक्षर आले की थांबतात, ‘पवित्रीकरण’, ‘नीतिमत्त्व’ असे शब्द आले की पुस्तकच मिटवतात. दहा वर्षांचा मुलगा अक्षर लावत एक ओळ पुरी करतो, तोवर मंडळीचे कडवे संपलेले असते. दोन-चार रविवार असे झाले की तो नुसता उभा राहतो. चौदाव्या वर्षी मागच्या बाकावर जातो. अठराव्या वर्षी येतच नाही, आणि आपण म्हणतो की तरुणांना रस उरला नाही.

उलट निपाणीकडच्या आपल्या विड्या वळणाऱ्या बहिणी पाहा. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नाही, तरी गीते सगळी तोंडपाठ. विडी वळताना हात चालू असतो आणि तोंडात भजन. त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवले नव्हते. आई गायची, म्हणून लेक गायली. ती पाठांतराची साखळी आता तुटली आहे आणि तिच्या जागी वाचनही आलेले नाही. आजची पिढी या दोन्हींच्या मध्ये अडकली आहे.

आपण लूथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतले, म्हणवतो, तर ही अडचण आपल्या परंपरेला अजिबात नवी नाही हे पंचांना माहीत असेलच. तरीही थोडे विस्ताराने लिहिते, कारण मसुद्यात याचा उल्लेखही नाही. १५२८ च्या अखेरीस लूथर जर्मनीत सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या पाहायला गेला. धर्मसुधारणेला तोवर अकरा वर्षे झाली होती, जर्मन भाषेत नवा करार छापून सहा वर्षे झाली होती. त्याला दिसले ते असे : बाप्तिस्मा सगळ्यांचा झालेला, प्रभुभोजनाला सगळे येतात, पण प्रभूची प्रार्थना येत नाही, विश्वासांगीकार (‘मी विश्वास ठेवतो’ ही विश्वासाची कबुली) येत नाही, दहा आज्ञा येत नाहीत. कितीतरी पाळकांनाही शिकवता येत नव्हते. म्हणजे उपस्थिती होती, शिष्य नव्हते. घरी परतल्यावर, १५२९ मध्ये, त्याने लघु प्रश्नोत्तरी लिहिली. तिचे भाग आधी मोठ्या कागदांवर छापून निघाले, भिंतीवर लावता यावेत असे. आणि प्रत्येक मुख्य भागाच्या डोक्यावर लिहिले की घरातल्या कर्त्याने हे आपल्या घरच्यांना साध्या रीतीने कसे शिकवावे. पाळकाने नव्हे, घरच्या कर्त्याने.

आपल्या घरांतल्या पुरुषांना मी आदराने सांगते, हे तुम्हालाच उद्देशून आहे. आपल्याकडे मुलांची प्रार्थना घेणे हे बायकांचे काम समजले जाते. आई कामावर, स्वयंपाकात, मग ते आजीवर जाते, आणि आजी गेली की थांबते.

त्याच लघु प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत लूथरने पाळकांना दोन गोष्टी सांगितल्या, त्या आपल्या मसुद्यात जशाच्या तशा उतरवाव्यात अशा आहेत. एक म्हणजे कुणालाही बळजबरीने प्रभुभोजनाला आणू नका. असे शिकवा की लोक आपण होऊन मागतील, पाळकाला देणे भाग पाडतील. उपस्थिती कशी वाढते याचे इतके नेमके उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. दुसरी गोष्ट अगदी व्यवहाराची : शिकवण्यासाठी शब्दांचा एकच पाठ ठरवा आणि वर्षानुवर्षे तोच ठेवा, नाहीतर लहान मुले आणि साधी माणसे गोंधळतात.

आपल्याकडे हा गोंधळ रोजचा आहे. प्रभूची प्रार्थना काही घरांत जुन्या बायबलप्रमाणे म्हणतात, काही घरांत नव्या. विश्वासांगीकाराचे निदान दोन पाठ चालू आहेत. आज्ञांचे क्रमांकही वेगळे. आपण लूथरन लोक शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा तिसरी धरतो, मेथडिस्ट चौथी. बेळगावात एका घरात सून एका मंडळीची आणि मुलगा दुसऱ्या मंडळीचा हे नेहमीचेच, त्यामुळे मूल आईकडून एक क्रमांक ऐकते आणि शब्बाथ शाळेत दुसरा. यात कुणाचे चुकते असे नाही. पण आपण एक पाठ निवडून, क्रमांकांतला फरक मुलांना एकदा नीट समजावून, तो छापायला हवा. प्रोजेक्टरच्या खर्चाच्या थोड्याशा भागात प्रत्येक घरासाठी ठळक अक्षरांचा भिंतीवरचा तक्ता होईल. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार, प्रभुभोजन, असे सहा तक्ते. दर दोन महिन्यांनी एक दिला तर वर्षात सहा पुरे होतात.

लिपीचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर पंचमंडळाने मोकळेपणी चर्चा करावी. काही पालकांनी मला सुचवले की मराठी गीते कन्नड लिपीत छापा, मुले चटकन वाचतील. तात्पुरती सोय म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. मूल आज गाऊ शकणार असेल तर लिपी आड येऊ नये. पण माझा कल देवनागरी वाचायला शिकवण्याकडे आहे. मराठी पवित्र शास्त्र, गीतसंग्रह, भजने हे सगळे त्याच लिपीत आहे, आणि एका पुस्तकापुरती केलेली सोय मुलाला बाकीच्या साऱ्या ठेव्यापासून दूरच ठेवते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाच्या वळणाने प्रभूचे नाव मराठी घरात आणले त्याला शंभर वर्षे होऊन गेली. ते आपल्या पोरांच्या हाती पोचायचे तर त्यांना वाचता आले पाहिजे. दर शनिवारी संध्याकाळी तास-दीड तास वर्ग घेतला, तर हिंदी शिकलेले मूल सहा महिन्यांत मराठी सरळ वाचू लागते. हे मी शाळेच्या अनुभवावरून सांगते.

कन्नडबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. गोकाक, धारवाडकडून आपल्या घरांत आलेल्या सुना आहेत. त्या चांगल्या ख्रिस्ती घरांतल्या आहेत. धारवाडला बासल मिशन ही स्वित्झर्लंडमधली मिशनरी संस्था १८३७ मध्ये आली आणि त्या मिशनरींमध्ये लूथरन आणि रिफॉर्म्ड दोन्ही परंपरांची माणसे होती. म्हणजे कितीतरी अर्थाने त्या आपल्या जवळच्या. आपल्या उपासनेत त्या दोन तास मराठी ऐकत बसतात. भाषेचा वाद या सीमाभागात १९५६ पासून चालू आहे आणि त्याची झळ प्रत्येक घराला लागली आहे, हे मी जाणते. माझ्या मनात मराठीचे प्रेम कमी नाही. तरीही १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातले, म्हणजे लूथरन विश्वासाच्या मूळ जाहीरनाम्यातले, सातवे कलम आपल्याला मोकळीक देते : सुवार्ता शुद्धपणे शिकवली जावी आणि संस्कार (बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन) योग्य रीतीने दिले जावेत, एवढ्याने मंडळीचे ऐक्य होते, माणसांनी घालून दिलेल्या रीती सगळीकडे सारख्याच असण्याची गरज नाही. म्हणून शास्त्रपाठातला एक पाठ कन्नडमध्ये वाचावा, आणि तो त्या बहिणींपैकीच कुणी वाचावा. सहा तक्ते कन्नडमध्येही छापावेत. तिच्या मुलाला प्रभूची प्रार्थना दोन्ही भाषांत आली तर मंडळीचे काहीच कमी होणार नाही.

आता वेळेबद्दल थोडे. मसुद्यात अनुपस्थित सभासदांना ‘उदासीन’ म्हटले आहे. तो शब्द कृपया काढावा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पाळीवर असलेल्या माणसाला सुट्टी रविवारीच मिळेल असे नसते. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तिथे बुडालेल्या प्रत्येक तासाचे पैसे बुडतात. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या मागे असलेली घरे पहाटेपासून फडात. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडे, आषाढ-श्रावणात पाऊस असा असतो की एसटी वेळेवर येईल याची खात्री नाही, आणि त्याच दिवसांत भाताची लावणी. या माणसांसाठी सकाळी साडेनऊची एकच उपासना म्हणजे बंद दार. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी प्रभुभोजनासह दुसरी उपासना घ्यावी, आणि पावसाळ्यात खानापूर भागात पाळकसाहेबांनी जाऊन एखाद्या सभासदाच्या घरी प्रभुभोजन द्यावे. दोन्हींना नवीन इमारत लागत नाही. पाळकसाहेबांवर भार वाढेल, तो पंचांनी वाटून घ्यावा. शास्त्रवाचन, घोषणा, हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी यांतले बरेचसे आपल्यापैकी कुणीही करू शकते.

घरगुती प्रार्थनांची मला काळजी वाटते. पूर्वी गुरुवारी कुणा ना कुणाच्या घरी आपण जमत असू. २०२१ च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, विधानसभेने मंजूर केले, आणि २०२२ मध्ये कायदा आला. त्या दिवसांपासून बऱ्याच घरांनी भीतीने प्रार्थना बंद केल्या. भीती खोटी नव्हती. पण आपण आपल्याच सभासदांच्या घरी आपल्याच मुलांना प्रार्थना शिकवतो, यात लपवण्यासारखे काही नाही. शेजाऱ्यांना आधी सांगावे, आवाज मर्यादेत ठेवावा, दार उघडे ठेवावे आणि पुन्हा सुरू करावे. लूथरने १५२६ च्या जर्मन उपासनाक्रमाच्या प्रस्तावनेत, मनापासून ख्रिस्ती व्हायचे आहे अशांनी नावे देऊन एखाद्या घरी प्रार्थनेला, वाचनाला जमावे असे लिहिले आहे. आपल्याकडे अजून तशी माणसे नाहीत, असेही त्याने तिथेच खेदाने लिहिले. आपल्या मंडळीत ती माणसे आहेत. त्यांना कुणी विचारलेले नाही, एवढेच.

त्या प्रस्तावनेतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते आणि शब्बाथ शाळेत मी ती करून पाहते आहे. मुलांसाठी मनातल्या मनात दोन थैल्या असाव्यात, एक विश्वासाची, एक प्रीतीची, असे तो सुचवतो. उपदेशात ऐकलेले वचन मुलाने त्यांतल्या योग्य थैलीत घालायचे, आणि जेवायला बसल्यावर आई-वडिलांनी विचारायचे की आज काय आणलेस. असला पोरखेळ आपल्याला शोभत नाही असे कुणाही शहाण्याने मानू नये, हेही तो बजावतो. माणसांना वाढवण्यासाठी प्रभूला स्वतः माणूस व्हावे लागले. मी मुलांना कापडाच्या खऱ्या पिशव्या शिवून दिल्या. परिणाम मोठ्यांवर झाला. लेकराने विचारले, “पप्पा, तुम्ही काय आणलात?” की पप्पांना पुढच्या रविवारी उपदेश ऐकावाच लागतो. काही घरांत यामुळे बापमाणसे नियमित येऊ लागली आहेत. स्वागत समितीने जे साधले नसते ते जेवणाच्या ताटावरच्या एका प्रश्नाने साधले.

दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेली मुले मंडळीपुढे स्वतः विश्वास कबूल करतात त्याच्या तयारीचा, वर्ग आपण दोन वर्षांचा करावा. सध्या तो पाम रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आधी काही आठवडे घाईत उरकला जातो, दृढीकरणाच्या दिवशी नवे कपडे, फोटो, जेवण होते आणि त्यातली कितीतरी मुले पुढच्या नाताळापर्यंत दिसत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता म्हणून उभे राहिलेल्यांनी मंडळीपुढे वचन दिलेले असते. त्यांना वर्गाच्या पहिल्या दिवशी बोलवा. त्यांनी मुलाला महिन्यातून एकदा भेटावे, प्रश्नोत्तरीचा एक भाग त्याच्याकडून म्हणवून घ्यावा. मोठ्यांना स्वतःलाच येत नसेल तर मुलाबरोबर शिकावे, त्यात संकोच नको. स्वतः लूथरने बृहत् प्रश्नोत्तरीत लिहिले आहे की डॉक्टर आणि उपदेशक असूनही तो रोज सकाळी लेकरासारखी प्रश्नोत्तरी शब्दशः म्हणतो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला १७०६ मध्ये उतरलेला जर्मन लूथरन मिशनरी त्सीगेनबाल्ग तमिळ शिकला, शाळा काढल्या, प्रश्नोत्तरी तमिळमध्ये आणली, आणि १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून पुरा झाला. भारतातले लूथरन काम वाचनाच्या वर्गातून उभे राहिले आहे.

पुणे, गोवा, बंगळुरूला गेलेल्या मुलांसाठी एक छोटी सूचना : जाताना सभासदत्वाचे पत्र द्यावे आणि तिथल्या पाळकांना पाळकसाहेबांनी स्वतः फोन करावा. मोबाइलवर उपासना पाहणे चांगले, पण प्रभुभोजन मोबाइलवर मिळत नाही.

उपस्थिती मोजू नका असे माझे म्हणणे नाही. जरूर मोजा, पण नावांनी मोजा. रविवारी किती डोकी होती यापेक्षा कोण नव्हते हे पंचांना कळले पाहिजे. प्रत्येक पंचाकडे ठरावीक घरे द्यावीत. लागोपाठ तीन रविवार एखादे घर दिसले नाही तर त्या आठवड्यात पंचाने जाऊन भेटावे, वर्गणीची वही घरी ठेवून. वर्गणीच्या वेळीच पंच दारात येतात ही तक्रार मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. भेटीत विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. घरी प्रार्थना कोण घेते, मुलांना काय येते, प्रभुभोजनाला येता येत नाही त्याचे कारण काय. वर्षअखेरीच्या अहवालात उपस्थितीच्या आकड्याच्या आधी हा आकडा यावा की किती घरांत रोजची प्रार्थना सुरू झाली आणि किती मुलांना सहा भाग तोंडपाठ आहेत.

प्रोजेक्टर घ्यायचा असेल तर घ्यावा. म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरांचा उपयोग होईलच. फक्त तो पहिल्या वर्षाच्या खर्चात नको. पहिल्या वर्षी तक्ते, वाचनवर्गाची पुस्तके आणि संध्याकाळच्या उपासनेसाठी गावाकडून येणाऱ्यांच्या गाडीभाड्याची तरतूद व्हावी.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत माझ्या नावे तीन ठराव घ्यावेत अशी विनंती करते : प्रश्नोत्तरीचा एक मराठी आणि एक कन्नड पाठ निश्चित करण्यासाठी पाळकसाहेबांसह पाच जणांची समिती, त्यात निदान दोन स्त्रिया, दृढीकरणाचा दोन वर्षांचा वर्ग, आणि महिन्यातून एकदा संध्याकाळची उपासना. अनुमोदनासाठी सभासदांच्या सह्या मी गोळा करते आहे, त्या सभेच्या आठवडाभर आधी सचिवांकडे देईन. शनिवारचा वाचनवर्ग मी घेते, माझ्याबरोबर आणखी दोन बहिणी तयार आहेत. चर्चच्या मागची खोली ऑक्टोबरअखेरच्या धर्मसुधारणा रविवारपासून मिळावी. तिथला दिवा आणि पंखा दुरुस्त करावा लागेल, आणि फळा माझ्याकडे आहे.

ख्रिस्तात आपली बहीण,
शब्बाथ शाळेची एक शिक्षिका